छोट्या धंद्याला पैसा हवाय? कुठून, कसा आणि कोणत्या क्रमाने बघायचा

नवीन धंदा करणारे बरेच जण मला थेट विचारतात की लोन कुठे मिळेल, आणि मी दरवेळी उलट विचारतो की पैसा कशाला हवाय आणि धंद्यातून तो परत कधी सुटणार. या दोन प्रश्नांचं उत्तर ज्याच्याकडे पक्कं आहे त्याला कुठे जायचं ते निम्मं तरी तिथेच कळतं, आणि ज्याच्याकडे नाही त्याला कोणी पैसा दिला तरी तो त्याला पुरत नाही. म्हणून हा लेख बँकेपासून सुरू होत नाहीये, थोडं मागून सुरू होतोय, पण वाचा पूर्ण, कारण पुढच्या पायऱ्या याच्यावरच उभ्या आहेत.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. छपाईचं छोटं काम चालवत होतो तेव्हा कटिंगचं मशीन घ्यायचं होतं, ओव्हरड्राफ्टची, म्हणजे बँकेने खात्यातून लागेल तसे उचलायला दिलेल्या पैशाची, लिमिट मोकळी होती, म्हटलं कशाला नवीन कागदपत्रं करत बसायची, आणि तिथूनच पैसे उचलले. मशीन चांगलं निघालं, कामही वाढलं. तीन महिन्यांनी मोठी ऑर्डर आली आणि कागद घ्यायला लिमिटमध्ये काहीच शिल्लक नव्हतं, सगळा पैसा त्या लोखंडात जाऊन बसलेला. ते मशीन आपली किंमत चार-पाच वर्षांत वसूल करून देणार होतं आणि मी त्यात घातला होता रोजच्या खरेदीचा पैसा. अर्धी ऑर्डर दुसऱ्याला द्यावी लागली, आणि तो गिऱ्हाईक पुढे त्याच्याकडेच राहिला.

तेव्हापासून एक नियम पाळतो: वस्तू जेवढे दिवस कमवून देणार, पैशाची मुदत साधारण तेवढीच हवी. मशीन, फर्निचर, गाडी यांना काही वर्षांचं कर्ज. कच्चा माल, पगार, भाडं यांना फिरता पैसा, जो काही आठवड्यांत सुटतो आणि परत लागतो. आणि जे चालेल की नाही तेच माहीत नाही, म्हणजे अगदी नवा प्रयोग, त्याला शक्यतो कर्जाचा पैसा लावूच नका, त्याला स्वतःचा किंवा भागीदाराचा पैसा बरा, कारण प्रयोग फसला तरी हप्ता थांबत नाही.

पहिली पायरी: वही उघडा

एक कोरी वही घ्या किंवा कॉम्प्युटरवर शीट उघडा, बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. वरच्या ओळीत महिन्याच्या सुरुवातीला हातात किती, त्याखाली त्या महिन्यात खरोखर येणारे पैसे, त्याखाली खरोखर जाणारे, आणि सगळ्यात खाली महिनाअखेर काय उरलं. "खरोखर" यावर जोर आहे, कारण बिल मार्चमध्ये फाडलं आणि पैसे मे महिन्यात आले तर ते मे महिन्याच्या रकान्यात लिहायचे, मार्चच्या नाही. बहुतेक लोक इथेच गडबड करतात, विक्री लिहितात आणि तिलाच पैसा समजतात.

हे भरून झालं की सगळ्यात खालची ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जा. कुठल्या तरी महिन्यात आकडा शून्याच्या खाली जाईल. सगळ्यात खोल खड्डा ज्या महिन्यात आहे तो आकडा म्हणजे तुमची खरी गरज, आणि त्यावर थोडी गादी ठेवा, मी तरी पंधरा-वीस टक्के ठेवतो कारण वसुली कधीच ठरल्या दिवशी होत नाही. आणखी एक गोष्ट त्या ओळीत दिसते. खड्डा दोन महिन्यांत आपोआप भरून येत असेल तर तुम्हाला थोड्या दिवसांचा पैसा हवाय. पण ओळ महिन्यामागून महिना खालीच चालली असेल तर तुम्हाला कर्ज नकोय, तुमचा भाव चुकतोय नाहीतर खर्च जास्त होतोय, आणि अशा धंद्यात कर्ज ओतलं की खड्डा फक्त मोठा होतो. हे कटू आहे पण लोन घेण्याच्या आधी कळलेलं बरं.

दुसरी पायरी: धंद्यात अडकलेला पैसा सोडवा

या पायरीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण हा सगळ्यात स्वस्त पैसा आहे आणि याच्याकडे कोणी बघत नाही.

समजा तुमचा माल विकला जाईपर्यंत सरासरी 40 दिवस पडून राहतो, विकल्यावर गिऱ्हाईक 45 दिवसांनी पैसे देतो, आणि तुम्ही सप्लायरला 15 दिवसांत पैसे देता. 40 अधिक 45 वजा 15, म्हणजे 70 दिवस तुमचा पैसा बाहेर फिरतोय. रोजचा खर्च 5,000 धरला तर 3,50,000 कायमचे अडकलेत, आणि धंदा वाढला की हा आकडा पण वाढतो, म्हणूनच विक्री जोरात असताना सुद्धा लोकांच्या खिशात पैसे नसतात. आता यातले फक्त 10 दिवस कमी केले, म्हणजे थोडा माल कमी भरला, थोडी वसुली लवकर केली, तर 50,000 मोकळे होतात. व्याज शून्य, तारण शून्य, कोणाची सही नको.

कसे कमी करायचे? उधारीची यादी काढा, कोणाकडे किती आणि किती दिवसांची, तीस दिवसांच्या आतली वेगळी, तीस ते साठची वेगळी, साठच्या पुढची वेगळी. साठच्या पुढच्यांना आजच फोन करा, मेसेज नाही, फोन, आणि "कधी देताय" असं विचारू नका, "शुक्रवारी निम्मे देता का" असं विचारा, तारीख आणि रक्कम दोन्ही तुम्ही सांगितलीत की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नवीन ऑर्डर घेताना बयाणा घ्या, विशेषतः जे काम खास त्या गिऱ्हाइकासाठीच करायचंय आणि दुसऱ्याला विकता येणार नाही त्याला तर घ्याच. बिल काम संपल्या दिवशी पाठवा, आठवड्याच्या शेवटी नाही. आणि जो माल सहा महिने हललेला नाही तो पडत्या भावात काढून टाका, त्याची धूळ झटकत बसण्यात काही मिळकत नाही.

सप्लायरशी पण बोला. चार-सहा महिने वेळेवर पैसे दिले असतील तर 15 चे 30 दिवस करून मिळतात, फक्त मागावं लागतं. इथे एक सापळा मात्र समजून घ्या. काही सप्लायर सांगतात की 10 दिवसांत दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण. आपल्याला वाटतं दोनच टक्के तर आहेत, राहू दे, 30 दिवसांनी देऊ. पण त्या 20 दिवसांसाठी तुम्ही 98 च्या जागी 100 देताय, वर्षाच्या हिशेबात तो दर 37 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे बँकेची लिमिट 12-15 टक्क्यांनी मिळत असेल तर तिथून उचलून सप्लायरला दहाव्या दिवशी देणं जास्त परवडतं. असा हिशेब एकदा करून बघा, उधारी फुकट असते हा समज निघून जातो.

तिसरी पायरी: स्वतःचा आणि घरच्यांचा पैसा

स्वतःचे थोडे तरी घालावेच लागतात. समोरचा कोणीही असो, बँक असो की भागीदार, तो आधी बघतो की याने स्वतःचं काय लावलंय. पण सगळी बचत ओतू नका, घरखर्चाचे काही महिने बाजूला काढूनच बाकीचं लावा, कारण घर अडचणीत आलं की माणूस धंद्यात चुकीचे निर्णय घ्यायला लागतो, मिळेल त्या भावात विकतो, वाट्टेल त्या व्याजाने उचलतो.

भाऊ, मेव्हणा, मित्र यांच्याकडून घेणार असाल तर कागद कराच. नातं आहे म्हणून कागद नको असं वाटतं, पण मी म्हणेन नातं आहे म्हणूनच हवा. एक पानभर पुरतं: किती घेतले, हे कर्ज आहे की भागीदारी, व्याज आहे की नाही, परत कधीपासून आणि किती किती, धंदा बंद पडला तर काय. यातलं "कर्ज आहे की भागीदारी" हे सर्वात महत्त्वाचं आहे. धंदा चालला नाही तर देणारा म्हणतो मी उसने दिले होते, आणि चालला तर म्हणतो मी पार्टनर होतो, दोन्ही वेळा तो मनापासूनच म्हणतो कारण कोणी ठरवलेलंच नसतं.

भिशीचा प्रकार जगात सगळीकडे आहे, मेक्सिकोत त्याला तांदा म्हणतात, पश्चिम आफ्रिकेत सुसू. दहा जण दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकाला सगळी मिळते. ओळखीच्या, लहान गटात ठीक आहे, एकदाच लागणाऱ्या छोट्या खरेदीला उपयोगी पडतं. अनोळखी लोकांच्या मोठ्या गटात शिरू नका, आपली पाळी यायच्या आत कोणी पळाला तर हातात काहीच राहत नाही.

चौथी पायरी: कर्ज देणारा काय बघतो ते समजून घ्या

1912 मध्ये अमेरिकेत एका संसदीय समितीसमोर तिथले बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांची साक्ष झाली होती, त्यांना विचारलं की कर्ज देताना पैसा किंवा मालमत्ता बघता ना, तर ते म्हणाले आधी माणसाची सचोटी. आज बँका तेच पाच गोष्टींत विभागून बघतात: माणूस कसा, फेडायची ऐपत किती, स्वतःचं भांडवल किती, तारण काय, आणि बाजाराची परिस्थिती कशी. माणूस कसा हे आता बरंचसं क्रेडिट स्कोअरवरून, म्हणजे जुन्या कर्जांच्या नोंदींवरून काढलेल्या आकड्यावरून ठरतं. स्कोअर काढायच्या पद्धती देशादेशात वेगळ्या, पण अमेरिकेत 1989 मध्ये आलेल्या फायको स्कोअरचं उदाहरण घेतलं तर त्यात सगळ्यात जास्त वजन, 35 टक्के, जुने हप्ते वेळेवर दिलेत का यालाच आहे, आणि त्याखालोखाल 30 टक्के सध्या किती देणं आहे याला. म्हणून अर्ज करायच्या आधी आपला रिपोर्ट काढून बघा, त्यात कधी कधी फेडलेलं कर्ज पण बाकी दाखवलेलं असतं, ते आधी दुरुस्त करून घ्या, त्याला वेळ लागतो. आणि एकाच आठवड्यात आठ ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस घायकुतीला आलाय.

ऐपत मोजायची पद्धत सोपी आहे, घरी बसून करता येते. वर्षभरात खर्च जाऊन हप्त्यासाठी किती पैसे उरतात त्याला वर्षाच्या एकूण हप्त्यांनी भागा. उत्तर 1 आलं म्हणजे जेमतेम, एक वाईट महिना आला की संपलं. बरेच देणारे 1.25 च्या वर बघतात. म्हणजे महिन्याचा हप्ता 8,900 असेल तर हप्त्याआधी दर महिन्याला सरासरी 11,125 तरी सुटायला हवेत. तुमच्या वहीतून हा आकडा येत नसेल तर रक्कम कमी करा किंवा मुदत वाढवा, अर्ज तसाच रेटू नका.

बँक नाही म्हणाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. सहकारी पतसंस्था नेमक्या अशाच लोकांसाठी निघाल्या. जर्मनीत रायफायझेन यांनी 1864 मध्ये शेतकऱ्यांची पतसंस्था काढली तेव्हा कल्पना हीच होती की गावातले लोक एकमेकांना ओळखतात, सगळे मिळून जबाबदारी घेतात, त्यामुळे ज्याच्याकडे तारण नाही त्याला पण कर्ज मिळू शकतं. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांचं, मूळ पण तसंच. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले होते, त्यातून 1983 मध्ये ग्रामीण बँक झाली आणि 2006 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. पण छोटं कर्ज म्हणजे स्वस्त कर्ज असं समजू नका, छोट्या रकमेला वसुलीचा खर्च तेवढाच येतो म्हणून व्याजदर बऱ्याचदा बँकेपेक्षा जास्त असतो. गटाची जबाबदारी असेल तर दुसऱ्याचा चुकलेला हप्ता तुमच्या अंगावर येतो हे पण आधीच विचारून घ्या.

पाचवी पायरी: कुठल्या गरजेला कुठलं कर्ज

मुदतीचं कर्ज, म्हणजे एकदा रक्कम घ्यायची आणि ठरलेल्या हप्त्यांत फेडायची, हे मशीन आणि जागेच्या कामाला. ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट म्हणजे एक मर्यादा, त्यातून लागेल तसं उचला, आलं की भरा, व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर, हे मालाला आणि पगाराला. ही लिमिट वर्षातून काही दिवस तरी पूर्ण शून्यावर यायला हवी, कायम टोकाला टेकलेली असेल तर समजा की ते आता फिरता पैसा राहिलेलं नाही.

मशीनसाठी भाडेकरार किंवा हप्त्यावर खरेदी असा पण मार्ग असतो, त्यात ते मशीनच तारण असतं त्यामुळे वेगळं घर-जमीन गहाण ठेवायला लागत नाही. नुसत्या भाड्यात शेवटी मशीन तुमचं होत नाही, हप्त्यावर खरेदीत होतं, हा फरक सही करायच्या आधी वाचा, आणि बिघाड झाला तर दुरुस्ती कोणाकडे तेही.

तुमचे गिऱ्हाईक मोठ्या कंपन्या असतील, पैसे बुडवत नाहीत पण उशिरा देतात, तर बिल डिस्काउंटिंग बघा. बिल दाखवून त्यातली मोठी रक्कम, बहुधा 70 ते 90 टक्के, आधीच मिळते, उरलेली गिऱ्हाइकाने भरल्यावर फी कापून. इथे विचारायचा एकच प्रश्न: गिऱ्हाइकाने दिलेच नाहीत तर ते कोणाच्या डोक्यावर? बहुतेक करारांत ते तुमच्याच डोक्यावर असतं.

सहावी पायरी: खरा दर स्वतः काढा

इथे जरा कागद-पेन घेऊन बसा. एक लाखाचं कर्ज, एक वर्ष, 12 टक्के. एक जण म्हणतो फ्लॅट 12, दुसरा म्हणतो घटत्या शिल्लकेवर 12. ऐकायला सारखंच. पहिल्यात व्याज पूर्ण लाखावर पूर्ण वर्षाचं, 12,000, हप्ता 9,333. दुसऱ्यात जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच, हप्ता 8,885, आणि वर्षाचं व्याज साधारण 6,620. पहिल्यात तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत देताय तरी व्याज मात्र पूर्ण लाखावर भरताय, त्यामुळे तो दर प्रत्यक्षात घटत्या शिल्लकेच्या भाषेत साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. जवळजवळ दुप्पट. त्यात 2 टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापली तर हातात 98,000 येतात आणि हप्ता मात्र लाखाचाच, म्हणजे दर आणखी वर गेला.

याहून महाग म्हणजे रोजच्या विक्रीतून कापून घेणारी उचल. तिथे टक्के सांगतच नाहीत, "1.3" असा एक आकडा सांगतात, एक लाख घ्या, 1,30,000 परत द्या. 30 टक्के वाटतात ना? समजा सहा महिन्यांत, आठवड्याला 5,000 असे 26 आठवडे कापले. पैसे पहिल्याच आठवड्यापासून परत जायला लागले त्यामुळे वर्षाच्या हिशेबाने तो दर 100 टक्क्यांच्या वर जातो. आणि इथे लवकर फेडून पण फायदा नसतो कारण परत द्यायची रक्कम आधीच ठरलेली असते. मी हा पर्याय कोणालाच सुचवत नाही, एकदा यात पडलेला माणूस पहिली उचल फेडायला दुसरी घेतो, आणि मग त्याची रोजची विक्री त्याची राहतच नाही.

म्हणून कुठेही गेलात तरी चार गोष्टी लिहून मागा: हातात नक्की किती येणार, एकूण परत किती द्यायचे, कधी कधी द्यायचे, आणि लवकर फेडलं तर दंड किती. तोंडी सांगणाऱ्याला म्हणा, साहेब मेल करा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि जो म्हणतो लोन पास झालंय, फक्त आधी अमुक फी माझ्या खात्यात भरा, तो फसवणारा आहे, थेट फोन ठेवा.

सातवी पायरी: कर्ज नसलेला पैसा

गिऱ्हाइकांकडून आगाऊ घेणं हा मला आवडणारा मार्ग. लोकांकडून थोडे थोडे गोळा करायची पद्धत इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. 1885 मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशावाचून अडला होता, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या पेपरातून आवाहन केलं, देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापलं, आणि काही महिन्यांत एक लाख डॉलरच्या वर जमले, बहुतेकांनी एका डॉलरपेक्षा कमी दिले होते. आता हेच किकस्टार्टरसारख्या साइटवर होतं, ती 2009 मध्ये सुरू झाली, ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर काहीच नाही, आणि जमलेल्यातून 5 टक्के साइटची फी, पेमेंटची फी वेगळी. छोट्या धंद्याला यातून शिकण्यासारखं हे की सुरुवातीचे पैसे अनोळखी लोक देत नाहीत, ओळखीचे देतात, त्यांनी दिलेले बघून मग बाकीचे येतात. म्हणून मोहीम सुरू करण्याच्या आधीच पन्नास-साठ जणांशी स्वतः बोलून ठेवा. आणि वस्तू बनवून पोचवायचा खर्च नीट धरा, कुरियरमध्येच नफा गेलेले मी पाहिलेत.

भागीदार घेणार असाल तर हिशेब असा. कोणी 5 लाख देऊन 20 टक्के मागत असेल तर पैसे आल्यानंतरच्या धंद्याची किंमत 25 लाख धरली, म्हणजे तुम्ही आजवर उभं केलेलं 20 लाखांचं. पटतंय का ते बघा. हप्ता नसतो हे खरं, पण धंदा चालला तर हाच सगळ्यात महाग पैसा ठरतो कारण ते 20 टक्के कायमचे गेले. टक्क्यांपेक्षाही महत्त्वाचं, निर्णय कोणाचा चालणार आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरणार, हे पहिल्याच दिवशी लिहा.

सरकारी अनुदानाच्या मागे जरूर जा पण त्याच्यावर धंद्याचं वेळापत्रक लावू नका. बऱ्याच योजनांत आधी खर्च तुम्ही करायचा, पावत्या द्यायच्या, मग पैसे मिळतात, म्हणजे मधल्या काळाला पैसा तुमचाच लागतो. मंजुरीच्या आधी केलेला खर्च बऱ्याचदा धरत नाहीत, म्हणून घाईने मशीन आणू नका. आणि सरकारी हमी असलेलं कर्ज हे अनुदान नाही, ती हमी बँकेसाठी असते, तुम्ही फेडलं नाही तर बँकेचं नुकसान भरून निघतं, तुमचं देणं मात्र तसंच राहतं. हा गैरसमज फार लोकांना महागात पडलाय.

आठवी पायरी: अर्ज, सही आणि त्यानंतर

चाळीस पानी रिपोर्ट कोणी वाचत नाही. दोन पानं करा: धंदा काय, गिऱ्हाईक कोण, किती पैसे हवेत आणि प्रत्येक भाग कशावर जाणार, परत कसा येणार, आणि विक्री अंदाजापेक्षा 30 टक्क्यांनी कमी झाली तर काय करणार. हा शेवटचा मुद्दा बहुतेक कोणी लिहीत नाही आणि समोरचा अधिकारी नेमका तोच विचारतो. सोबत ती बारा महिन्यांची शीट, बँकेची स्टेटमेंट, टॅक्सचे कागद, मशीनचं कोटेशन. घरचं आणि धंद्याचं खातं एकच असेल तर अर्जाच्या सहा महिने तरी आधी वेगळं करा, स्टेटमेंटमध्ये किराणा आणि कच्चा माल एकत्र दिसला की वाचणारा वैतागतो.

नकार आला तर कारण विचारा, नम्रपणे आणि नक्की काय ते: ऐपत कमी पडली, तारण कमी पडलं की स्कोअर? ते दुरुस्त करून काही महिन्यांनी परत त्याच माणसाकडे जा. मला माझं पहिलं मोठं कर्ज असंच दुसऱ्या वेळी मिळालं, पहिल्यांदा नाही म्हणणाऱ्याच अधिकाऱ्याने दिलं, कारण त्याने सांगितलेली उधारीची यादी मी सात महिन्यांत निम्म्यावर आणून दाखवली होती.

सहीच्या वेळी वैयक्तिक हमीचं कलम शोधा. धंदा कंपनीच्या नावावर असला तरी त्या कलमावर सही केली की घर, बचत सगळं पणाला लागतं. बायकोची किंवा नवऱ्याची, वडिलांची सही मागत असतील तर त्यांना पण बसवून समजावून सांगा की ते कशावर सही करताहेत, जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. व्याज बदलतं असेल तर दोन टक्क्यांनी वाढलं तर हप्ता किती होईल ते तिथेच विचारा.

पैसे आले की वेगळ्या खात्यात ठेवा आणि ज्यासाठी घेतले त्याच्यावरच खर्च करा, पहिल्या तीन हप्त्यांचे आधीच बाजूला काढा. दर महिन्याला ती शीट भरत राहा, अंदाज एका रकान्यात, प्रत्यक्ष दुसऱ्या. दोन महिने पुढचा हप्ता चुकणार असं त्यात दिसलं की हप्त्याची तारीख उलटायची वाट बघू नका, आधीच जाऊन भेटा, शीट दाखवा, आणि काही महिने फक्त व्याज भरायची सोय किंवा मुदतवाढ मागा. तारखेच्या आधी गेलात तर बोलायला जागा असते, हप्ता चुकल्यावर गेलात की तुमची फाइल वसुलीच्या टेबलावर गेलेली असते आणि तिथल्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं.